डायोडमधले ०.७ व्होल्ट मल्टिमीटरवर का दिसत नाहीत?

काजवा

नमस्कार मंडळी. माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. मी स्वतः वाणिज्य शाखेचा असलो, तरी तिच्यासोबत बसून तिची पुस्तके वाचण्याची सवय मला लागली आहे. गेल्या आठवड्यात तिने एक प्रश्न विचारला आणि आम्ही दोघेही त्यात अडकलो.

पुस्तकात असे दिले आहे की पी-प्रकारचे (होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जास्त असलेले) आणि एन-प्रकारचे (मुक्त इलेक्ट्रॉन जास्त असलेले) सिलिकॉन एकमेकांना भिडते, तेथे एन बाजूचे इलेक्ट्रॉन पी बाजूला पसरतात, पी बाजूची होल्स एन बाजूला जातात, आणि सीमेवर मुक्त प्रभार नसलेला एक पट्टा तयार होतो. या पट्ट्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ०.७ व्होल्टचे विभवांतर आपोआप निर्माण होते. असा जोड म्हणजेच डायोड, जो धारा एकाच दिशेने वाहू देतो. इथवर आम्हाला समजले. तिचे म्हणणे असे की आत ०.७ व्होल्ट खरोखरच असतील, तर नुसत्या डायोडच्या दोन पायांना मल्टिमीटर लावल्यावर ०.७ दिसायला हवेत. आम्ही १एन४००७ हा काळा डायोड घेतला आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवला, तर शून्य आले. मग १एन४१४८ हा काचेचा छोटा डायोड लावला, तेव्हा खिडकीपाशी काही मिलिव्होल्ट दिसले, पण तिने त्यावर तळहात धरताच तेही शून्यावर आले.

तिने वर्गात विचारले, तेव्हा ‘ते विभवांतर फक्त सैद्धांतिक असते’ असे उत्तर मिळाले. या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. जे फक्त सैद्धांतिक आहे ते इलेक्ट्रॉनला अडवते कसे? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

लोलक

काजवा, आपल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आहे, आणि हा प्रश्न स्वतःहून विचारणारे विद्यार्थी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

ते विभवांतर पूर्णपणे खरे आहे. मल्टिमीटर मात्र ते मोजतच नाही, कारण तो वेगळीच गोष्ट मोजतो. हे नीट समजण्यासाठी आधी ०.७ हा आकडा येतो कुठून ते पाहू.

शुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५ × १०^२२ अणू असतात, पण खोलीच्या तापमानाला त्यातले मुक्त इलेक्ट्रॉन जेमतेम १०^१० च्या घरात असतात. आता त्यात दर पन्नास लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तर मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या १०^१६ होते. पन्नास लाखांत एक एवढ्याशा भेसळीने वहनक्षमता लाखो पटींनी वाढते, हे मला आजही विलक्षण वाटते. पलीकडच्या भागात तेवढाच बोरॉन मिसळला की तेथे होल्सची संख्या १०^१६ होते आणि इलेक्ट्रॉन मात्र घटून १०^४ उरतात, कारण दोन्ही संख्यांचा गुणाकार एका तापमानाला ठरलेला म्हणजे १०^२० असतो.

म्हणजे सीमेच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन १०^१६ आणि दुसऱ्या बाजूला १०^४, असे एकास एक लाख कोटी हे प्रमाण झाले. इतकी विषम गर्दी असल्यावर इलेक्ट्रॉन पी बाजूला पसरणारच. पण ते जाताना मागे फॉस्फरसचे धनप्रभारित अणू उघडे पडतात, आणि ते स्फटिकात पक्के बसलेले असल्यामुळे हलू शकत नाहीत. पलीकडे तसेच बोरॉनचे ऋणप्रभारित अणू उघडे पडतात. या दोन थरांमध्ये जे विद्युतक्षेत्र उभे राहते, ते पुढच्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते. विसरणाने, म्हणजे गर्दीकडून विरळ भागाकडे पसरण्याने, जितके इलेक्ट्रॉन पलीकडे जातात, तितकेच विद्युतक्षेत्रामुळे परत येऊ लागले की समतोल साधतो. हा पट्टा आपल्या उदाहरणात अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो, आणि केसाची जाडी त्याच्या शंभरपटीहूनही अधिक भरेल.

आता एक हिशेब आपल्या मुलीला अवश्य करून दाखवा. २७ अंश सेल्सिअसला इलेक्ट्रॉनांच्या संख्येत दहापट फरक टिकवून धरण्यासाठी सुमारे ६० मिलिव्होल्टचा चढ, म्हणजे तेवढे विभवांतर, लागतो. आपल्याला १०^१६ वरून १०^४ वर यायचे आहे, म्हणजे दहापट फरक बारा वेळा. बारा गुणिले साठ म्हणजे ७२० मिलिव्होल्ट. पुस्तकातले ०.७ व्होल्ट ते हेच. भेसळ कमी-जास्त केली की हा आकडाही थोडा सरकतो.

चकमक

लोलक सर, हिशेब फारच आवडला, पण काजवा यांचा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. चढ खरा असेल, तर मीटरला तो का दिसत नाही? आमच्या पुस्तकात ‘धातूच्या जोडांवरची विभवांतरे मिळून बेरीज शून्य होते’ असे एका ओळीत लिहिले आहे. ती बेरीज नेमकी शून्यच का व्हावी? योगायोगाने थोडी कमी-जास्त का होत नाही?

लोलक

ती ओळ बरोबर आहे, पण तेवढ्याने कारण कळत नाही हेही खरे.

एखाद्या तळ्याची कल्पना करा. त्याचा तळ एका बाजूला उथळ आहे आणि दुसऱ्या बाजूला एकदम खोल आहे. तळात पुरुषभर उंचीची पायरी आहे, आणि ती अगदी खरी आहे, पोहणाऱ्याच्या पायाला लागेल इतकी खरी. पण तळ्यात दोन ठिकाणी काठ्या रोवून कोणी फक्त पाण्याचा पृष्ठभाग मोजला, तर दोन्हीकडे पातळी एकच भरेल. पातळी एक असल्यामुळे या दोन ठिकाणांना नळीने जोडले, तरी नळीतून पाणी वाहणार नाही.

डायोडमधला ०.७ व्होल्टचा चढ म्हणजे तळातली पायरी. पाण्याच्या पृष्ठभागासारखी जी गोष्ट आहे, तिला फर्मी पातळी म्हणतात, आणि मल्टिमीटर दोन टोकांच्या फर्मी पातळ्यांमधला फरक मोजतो. मीटरच्या आतून अगदी थोडी विद्युतधारा वाहावी लागते आणि ती वाहण्यासाठी पातळीत फरक लागतो, हे त्याचे साधे कारण. डायोड अंधारात आणि सर्वत्र एका तापमानाला असेल, तर पी, एन, दोन्ही तांब्याचे पाय आणि मीटरच्या पिना हे सगळे मिळून एकच तळे होते. धातू आणि सिलिकॉन जेथे भिडतात तेथेही तळाला छोट्यामोठ्या पायऱ्या असतात, पण तांब्यापासून निघून पुन्हा तांब्यापर्यंत आलो की आपण मूळ खोलीवरच परत येतो. म्हणून बेरीज नेमकी शून्य होते. तिथे योगायोगाला जागा नाही.

याला आणखी भक्कम पुरावा हवा असेल, तर असा विचार करावा. नुसता डायोड जोडून मीटरमधून धारा वाहिली असती, तर ती ऊर्जा आली असती खोलीतल्या उष्णतेतून, आणि तीही कोणतीही थंड बाजू नसताना. उष्मागतिकीचा दुसरा नियम हे होऊ देत नाही. तसे झाले असते, तर टेबलावर पडलेल्या डायोडांच्या पुडीवर दिवा जळाला असता.

तांब्याची तार

मी रेडिओ, टीव्ही आणि चार्जर दुरुस्त करतो. तीस वर्षे झाली. लोलक सरांचे तळे मनात बसले, पण माझ्या रोजच्या कामातून आलेला एक मुद्दा मांडतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला की १एन४००७ वर ०.५५ ते ०.६० दिसतात. जुना जर्मेनियमचा ओए७९ लावला की ०.२ ते ०.३ येतात. लाल एलईडी लावला तर तो मंद पेटतो आणि आकडा १.७ च्या आसपास येतो. हे मग काय आहे? मी आजवर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना ‘हाच तो आतला बॅरियर’ असेच सांगत आलो.

दुसरे असे की हा आकडा ०.७ कधीच नसतो. चार्जरमध्ये हाच डायोड एक अँपिअर वाहतो तेव्हा त्यावर ०.९ च्या आसपास पडतात, आणि कंपनीच्या माहितीपत्रकातही एक अँपिअरला जास्तीत जास्त १.१ व्होल्ट लिहिलेले असते. मग ०.७ हा आकडा खरा धरायचा तरी किती?

लोलक

आपला प्रश्न धाग्याच्या गाभ्याला हात घालणारा आहे.

डायोडच्या खुणेवर मीटर नुसते बघत नाही. तो स्वतःच्या बॅटरीतून डायोडमध्ये साधारण एक मिलिअँपिअर धारा ढकलतो आणि तेवढी धारा ढकलायला किती व्होल्ट लागले ते दाखवतो. मीटरवरचा आकडा आणि आतला चढ या दोन वेगळ्या राशी आहेत, पण त्यांचे नाते जवळचे आहे.

पी बाजू धन आणि एन बाजू ऋण अशी बॅटरी जोडली की आतला चढ तितक्याने कमी होतो. चढ कमी झाला म्हणून सगळेच इलेक्ट्रॉन एकदम सुटत नाहीत. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांकडे कमी-अधिक ऊर्जा असते, आणि चढ पार करण्याइतकी ऊर्जा असणारे फार थोडे असतात. आपण वरच्या हिशेबात पाहिले की पूर्ण चढ असताना एक लाख कोटींत एखादाच पार जातो. चढ ६० मिलिव्होल्टने उतरवला की पार जाणारे दहापट होतात. आणखी ६० उतरवला की शंभरपट. म्हणजे धारा बेरजेने वाढत नाही, ती गुणाकाराने वाढते, आणि ०.७ व्होल्टला उघडणारे कोणतेही दार आत नसते. ०.३ व्होल्टलाही धारा वाहतच असते, पण ती इतकी क्षीण असते की आपल्या कामाच्या हिशेबात ती शून्यच धरली जाते. आपण मिलिअँपिअरमध्ये काम करतो म्हणून आपल्याला ०.६ ते ०.७ दिसतात. नॅनोअँपिअरमध्ये काम करणाऱ्याला याच डायोडवर त्याहून कितीतरी कमी व्होल्ट दिसतील. जर्मेनियममध्ये मुक्त इलेक्ट्रॉन मुळातच जास्त असतात, म्हणून तेथे तीच धारा कमी व्होल्टला मिळते. एलईडीच्या पदार्थात ते फारच कमी असतात, म्हणून तेथे जास्त व्होल्ट लागतात.

उलट जोडले, तर चढ वाढतो आणि पार जाणारे जवळजवळ थांबतात. पी बाजूला जे थोडे इलेक्ट्रॉन आहेत ते मात्र उतारावरून खाली घरंगळतात, पण ते मोजकेच असल्यामुळे व्होल्ट कितीही वाढवले तरी ही उलटी धारा, डायोड तुटेपर्यंत, फारशी वाढत नाही. डायोड एका दिशेने वाहतो, असे म्हणण्यामागचे सगळे कारण एवढेच आहे.

तांब्याची तार

आता एक जुनी गोष्ट उलगडली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या बॅटरी चार्जरमध्ये दीड अँपिअरचा भार होता. हाताशी १एन४००७ च होते, आणि ते एक अँपिअरचे. मी विचार केला की दोन शेजारी शेजारी जोडले, तर पाऊण-पाऊण अँपिअर वाटून घेतील. पंधरा दिवसांत चार्जर परत आला. एक डायोड करपून दुभंगला होता, आणि दुसरा अगदी नव्यासारखा होता. मी तेव्हा माल खराब आला असे समजून नवे दोन घातले, आणि तेही तसेच गेले. शेवटी १एन५४०८ हा तीन अँपिअरचा एकच डायोड टाकला आणि तक्रार थांबली.

लोलक सरांचे म्हणणे बरोबर असेल, तर दोन डायोडांत थोडासाच फरक असला तरी एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त धारा घेणार, बरोबर ना? की त्यात आणखी काही आहे?

लोलक

अगदी बरोबर, आणि आणखीही आहे. दोघांवर व्होल्ट एकच असतात, पण तीच धारा वाहायला दोघांना लागणाऱ्या व्होल्टांत काही मिलिव्होल्टांचा फरक असला तरी धारेची वाटणी बिघडते. ज्याला थोडी जास्त धारा मिळते, तो जास्त तापतो. सिलिकॉन डायोड एक अंशाने तापला की तीच धारा वाहायला त्याला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. दोघांना व्होल्ट सारखेच मिळत असल्यामुळे तापलेला डायोड आणखी धारा ओढतो, त्यामुळे आणखी तापतो, आणि हे चक्र तो करपेपर्यंत चालू राहते. प्रत्येक डायोडबरोबर एक लहान रोधक जोडून वाटणी सुधारता येते, पण आपण केलेला उपाय अधिक चांगला होता.

काजवा यांनी घरीही हे पाहावे. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, १एन४१४८ लावा, आणि काचेचे अंग दोन बोटांच्या चिमटीत धरा. शेवटचे आकडे हळूहळू उतरताना दिसतील. अंगाची ऊब दहा अंशांनी जास्त असली, तरी वीस मिलिव्होल्टांचा फरक पडतो.

चकमक

मग खिडकीपाशी काचेच्या डायोडवर जे मिलिव्होल्ट आले, ते कुठून? तेव्हा तर कोणीच धारा ढकलत नव्हते.

लोलक

ते उजेडातून आले. तळ्याच्या भाषेत सांगायचे, तर वरून पाऊस पडत होता, आणि पावसात दोन्हीकडची पातळी एक राहण्याची सक्ती उरत नाही. प्रकाशाचा कण सिलिकॉनमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन आणि होल अशी एक जोडी सुटी होते. ती त्या पट्ट्याजवळ सुटली, तर तिथले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला एन बाजूला आणि होलला पी बाजूला ओढून घेते. आता समतोल मोडला, बाहेरून ऊर्जा आली, आणि मीटरला खरोखरच फरक दिसू लागला. काळ्या १एन४००७ च्या आत उजेड पोहोचत नाही, म्हणून तेथे शून्यच राहिले. आपल्या मुलीने तळहात धरून जे केले, तो एक उत्तम नियंत्रित प्रयोग होता.

इतिहासात पी-एन जंक्शन, म्हणजे पी आणि एन यांचा हा जोड, सापडले तेही याच वाटेने. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये रसेल ओल हे रडारसाठी शुद्ध सिलिकॉनच्या शोधात होते. फेब्रुवारी १९४० मध्ये सिलिकॉनच्या एका कांडीवर उजेड पडला, तेव्हा अनपेक्षितपणे सुमारे अर्धा व्होल्ट दिसला. द्रव सिलिकॉन थिजताना त्यातल्या अशुद्धी वेगवेगळ्या भागांत गोळा झाल्या होत्या, आणि कांडीच्या आत पी आणि एन यांची सीमा आपोआप तयार झाली होती. विल्यम शॉकली यांनी अशा जंक्शनचा सिद्धांत १९४९ मध्ये मांडला, आणि बेल लॅब्समध्येच १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौर घट तयार झाला. गच्चीवरचे सौर पॅनेल म्हणजे मोठ्या अंगाचे डायोडच आहेत.

आपल्याकडच्या वाचकांनी यात एक नाव आवर्जून लक्षात ठेवावे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेला विद्युतचुंबकीय लहरींचा शोधक बनवला आणि त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये त्यांना मिळाले. तो पी-एन जंक्शन नव्हता, धातू आणि स्फटिक यांच्या स्पर्शबिंदूवर चालणारा होता. पण अर्धवाहकाचे, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थाचे, यंत्र म्हणून पेटंट घेण्याचा मान त्याला फार लवकर मिळाला, आणि आपल्या अभ्यासक्रमात तो एका ओळीत का होईना, यायला हवा असे मला मनापासून वाटते.

काजवा

सर्वांचे आभार. रविवारी आम्ही दोघे गच्चीवर गेलो. लाल एलईडी मीटरला लावून दुपारच्या उन्हात धरला, तेव्हा चक्क दीड व्होल्टच्या आसपास आकडा आला. हाताने झाकला की तो भराभर खाली येत होता. मुलीचा प्रश्न असा की सिलिकॉनपेक्षा एलईडीत जास्त व्होल्ट का? तिनेच मग उत्तर दिले की ज्याला पेटायला जास्त व्होल्ट लागतात, तो उन्हात जास्त व्होल्ट देत असणार.

दुसरा प्रयोग मात्र हिशेबाप्रमाणे आला नाही. नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन ८२ किलोओहम, ८.२ किलोओहम आणि ८२० ओहम या रोधकांमधून १एन४१४८ ला अनुक्रमे सुमारे ०.१, १ आणि १० मिलिअँपिअर दिले. दर दहापटीला ६० मिलिव्होल्ट वाढायला हवे होते. आमचे ११० ते १२० वाढले. आमची मोजणी चुकली का?

लोलक

मोजणी चुकली नाही. आपल्या मुलीचे एलईडीबद्दलचे उत्तरही बरोबर आहे.

६० चा हिशेब धरतो की पट्टा ओलांडणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडे पोहोचतो. प्रत्यक्षात काही इलेक्ट्रॉन आणि होल्स त्या पट्ट्यातच एकमेकांना भेटून नाहीसे होतात, आणि या भेटीमुळे वाहणारी धारा दर १२० मिलिव्होल्टला दहापट होते. १एन४१४८ मध्ये या धारेचा वाटा मोठा असतो, म्हणून त्याचे आकडे १२० च्या जवळ आले.

शुद्ध ६० पाहायचे असतील, तर बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या, त्याचा बेस आणि कलेक्टर हे दोन पाय एकत्र जोडा, आणि त्या जोडापासून एमिटर या तिसऱ्या पायापर्यंत डायोड म्हणून वापरा. अशा जोडणीत पट्ट्यात हरवणारी धारा कलेक्टरच्या मोजणीत येत नाही, आणि कलेक्टरची धाराच बहुतांश असते. रोधक तेच ठेवा.

काजवा

आजचे आकडे असे आले. ०.१ मिलिअँपिअरला ०.५९२ व्होल्ट, १ मिलिअँपिअरला ०.६५३, आणि १० मिलिअँपिअरला ०.७१८. म्हणजे पहिला फरक ६१ आणि दुसरा ६५. खोलीत ३३ अंश तापमान होते, त्यामुळे ६० च्या जागी ६१ यायला हवेत हे मुलीने स्वतः काढले. दुसऱ्या टप्प्यातले जास्तीचे चार मिलिव्होल्ट ट्रान्झिस्टरच्या आतल्या रोधाचे असावेत असे तिचे म्हणणे आहे. आता ती बर्फाच्या पाण्यात ट्रान्झिस्टर बुडवून ५४ येतात का ते पाहणार आहे, आणि पाय ओले होऊ नयेत म्हणून त्यावर मेणबत्तीचे मेण चढवत बसली आहे.

लोलक

शून्य अंशाला ५४ च यायला हवेत. वाचन घेण्याआधी पाच मिनिटे थांबायला सांगा, म्हणजे मेणाच्या आतला सिलिकॉनही पाण्याइतका थंड होईल.